सरळ केसांकडून पुन्हा कुरळ्या केसांकडे

रासायनिक प्रक्रियेने सरळ केलेले केस सोडून देऊन जन्मजात कुरळे केस पुन्हा वाढविण्याकडे अलीकडे अनेक स्त्रियांचा कल दिसतो. वरवर पाहता हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात या निर्णयात आरोग्य, खर्च, संयम आणि घरातील वडीलधाऱ्यांची संमती अशा बऱ्याच गोष्टी गुंतलेल्या असतात. या वाटेवर निघालेल्या व्यक्तीला पहिल्या वर्षभरात सर्वाधिक त्रास होतो आणि बहुतेक जणी याच काळात कंटाळून पुन्हा पार्लरची पायरी चढतात. म्हणूनच या प्रवासात केसांचे नेमके काय होते, किती वेळ लागतो आणि काय टाळावे, याची माहिती आधीच असलेली बरी.

२००० नंतरच्या काही वर्षांत 'रिबाँडिंग' हा शब्द मुंबई-पुण्याच्या पार्लरांमध्ये रुळला. जपानमध्ये विकसित झालेली ही पद्धत पुढे नागपूरसारख्या शहरांत आणि तेथून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे हातमागाच्या कापडासाठी ओळखले जाणारे गाव नागपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. अशा गावांतील मुलीही लग्न, साखरपुडा किंवा नोकरीची मुलाखत ठरली की शहरात जाऊन केस सरळ करून येतात. सरळ करण्याची सोय अशी हाताशी असली, तरी त्यातून परत कसे यायचे हे सांगणारे मात्र फारसे कोणी भेटत नाही.

केस कुरळे का असतात?

केसाचा आकार त्वचेखालील मुळाच्या पिशवीत, म्हणजे केशकूपात ठरतो. केशकूप सरळ असेल तर केस सरळ वाढतो. तो वाकलेला असेल तर तेथे तयार होणाऱ्या पेशींची मांडणी दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही आणि केस वळणे घेत बाहेर पडतो. ही ठेवण आनुवंशिक असते.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या बंधांनी प्रामुख्याने जोडलेल्या असतात. पहिला हायड्रोजन बंध. तो पाण्याने सुटतो आणि केस वाळताना पुन्हा जुळतो. ओले केस गरम हवेने सरळ केल्यावर पुढच्या धुण्यापर्यंतच सरळ राहतात, याचे कारण हेच. दुसरा गंधकाच्या अणूंचा, म्हणजे डायसल्फाइड बंध. तो पाण्याने सुटत नाही. केसाचे कायमचे वळण मुख्यतः याच बंधांनी धरून ठेवलेले असते आणि कायमस्वरूपी सरळ करण्याची बहुतेक रसायने याच बंधांवर घाव घालतात.

कुरळ्या केसांच्या कोरडेपणामागेही त्यांचा आकारच आहे. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. शिवाय प्रत्येक वळणावर केसाचे बाह्य आवरण थोडे उघडे पडते. त्यामुळे 'तुझे केस राठ आहेत' ही तक्रार बहुतेकदा केसांच्या दोषाची नसते, चुकीच्या निगेची असते. सरळ केसांसाठी योग्य असलेली निगा कुरळ्या केसांना लावली की ते विस्कटतात.

सरळ करताना नेमके काय घडते?

पार्लरमधील निरनिराळ्या नावांमागे ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली रिलॅक्सरची. यात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा त्याच जातीचे तीव्र अल्कली वापरतात. सोडियम हायड्रॉक्साइडच्या रिलॅक्सरचा सामू १२ ते १४ इतका असतो. यात डायसल्फाइड बंधांचा एक मोठा भाग कायमचा बदलून जातो आणि तो पूर्ववत करता येत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ही पद्धत विसाव्या शतकात सर्वत्र पसरली.

दुसरी पद्धत रिबाँडिंगची. यात थायोग्लायकोलेट वर्गातील रसायनाने डायसल्फाइड बंध तोडले जातात, तापलेल्या इस्त्रीने केस सपाट केले जातात आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रावणाने बंध नव्या, सरळ मांडणीत पुन्हा जोडले जातात. भारतात कायमचे सरळ केलेले केस बहुधा या प्रकारचे असतात. 'स्मूथनिंग' या नावाखाली काही ठिकाणी याचीच सौम्य आवृत्ती, तर काही ठिकाणी पुढे सांगितलेली तिसरी पद्धत वापरली जाते. त्यामुळे नाव न विचारता घटक विचारावेत.

तिसरी पद्धत केराटिन, 'ब्राझिलियन' किंवा 'हेअर बोटॉक्स' या नावांनी चालते. यात फॉर्माल्डिहाइड किंवा ते सोडणारी द्रव्ये, अथवा ग्लायोक्झिलिक आम्ल असते आणि केसांवर अतिशय तापलेली इस्त्री फिरवली जाते. नावात बोटॉक्स असले तरी त्याचा त्या इंजेक्शनशी संबंध नाही. हा परिणाम साधारण तीन ते पाच महिन्यांत धुऊन जातो असे सांगितले जाते. मात्र वारंवारच्या तीव्र उष्णतेने केसाचे वळण कायमचे सैल झाले असेल, तर लेप उतरल्यानंतरही ते परत येत नाही.

या सर्वांतून एकच महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. रिलॅक्सर किंवा रिबाँडिंग झालेला केस कोणत्याही तेलाने, लेपाने वा शाम्पूने पुन्हा कुरळा होत नाही. केसाचा बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. 'कुरळेपणा परत आणणारे' म्हणून विकले जाणारे कोणतेही उत्पादन यासाठी निरुपयोगी ठरते. मात्र रसायन मुळाच्या पिशवीची ठेवण बदलत नाही. त्यामुळे नव्याने उगवणारा केस पुन्हा आपल्या जन्मजात वळणानेच बाहेर येतो. वयात येणे, गरोदरपण, रजोनिवृत्ती, थायरॉइडचे विकार किंवा कर्करोगावरील औषधोपचार यांमुळे हे वळण आधीपेक्षा थोडे निराळे असू शकते, एवढाच काय तो अपवाद.

आरोग्याचा प्रश्न

परत फिरण्याच्या निर्णयामागे गेल्या काही वर्षांतील वैद्यकीय निष्कर्षही आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. केसांवर तापलेली इस्त्री फिरवताना याचीच वाफ नाकाडोळ्यांत जाते. बंद, वातानुकूलित खोलीत दिवसभर काम करणाऱ्या पार्लरमधील मुलींना हा धोका ग्राहकापेक्षा अधिक असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 'सिस्टर स्टडी' या पाहणीचा एक अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षे मागोवा घेण्यात आला. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ती ४.०५ टक्के असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापर म्हणजे वारंवार, अशी त्यात व्याख्या होती. अशा पाहणीतून दोन गोष्टींचा परस्परसंबंध दिसतो. एकीमुळेच दुसरी घडली हे सिद्ध होत नाही. धोक्याचे प्रमाण एकंदरीत कमी आहे हेही ध्यानात घ्यावे. भीतीने झोप उडावी असे हे आकडे नाहीत, पण दर काही महिन्यांनी मुळांना रसायन लावण्यापूर्वी विचार करावा इतके ते निश्चितच गंभीर आहेत.

ग्लायोक्झिलिक आम्ल सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आले होते. परंतु २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या स्त्रीची हकीकत छापून आली. २०२० ते २०२२ या काळात तीनदा केस सरळ केल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झाली होती. हे आम्ल असलेला लेप उंदरांच्या त्वचेवर लावल्यानंतर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. इस्रायलमधील डॉक्टरांनीही २०१९ ते २०२२ या काळातील अशा २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. अशा प्रक्रियेनंतर उलट्या, पोटदुखी, कंबरदुखी किंवा लघवी कमी होणे असा त्रास झाल्यास तो पित्तावर न ढकलता त्वरित डॉक्टरांना दाखवावा आणि केसांवर काय लावले होते तेही सांगावे.

दोन वाटा आणि त्यांचा हिशेब

केस दरमहा सरासरी एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर वाढतात. हा वेग कोणत्याही तेलाने दुप्पट होत नाही. सगळे नियोजन याच हिशेबावर करावे लागते.

पहिली वाट एकदम कापून टाकण्याची. नवे कुरळे केस पाच-सात सेंटिमीटर झाले, म्हणजे साधारण पाच-सहा महिने लोटले की खालचे सर्व सरळ केस कापून टाकायचे. यात केस फार आखूड होतात. परंतु दोन प्रकारच्या केसांची ओढाताण संपते आणि निगा राखणे एकदम सोपे होते.

दुसरी वाट टप्प्याटप्प्याची. दर दोन-तीन महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर सरळ टोके कापत जायची आणि वरून कुरळे केस वाढू द्यायचे. हनुवटीपर्यंत केस हवे असतील तर दीड ते दोन वर्षे, खांद्याखाली हवे असतील तर अडीच ते तीन वर्षे लागू शकतात. वळणांमुळे कुरळे केस ताणल्यावर जितके लांब असतात त्याहून पुष्कळ आखूड दिसतात. त्यामुळे 'केस वाढतच नाहीत' असा भास होतो. महिन्यातून एकदा एक बट हलकेच ताणून पट्टीने मोजली की हा गैरसमज दूर होतो.

कोणती वाट धरावी, याचे उत्तर ज्याच्या-त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सहा महिन्यांवर लग्न असलेल्या मुलीने दुसरी वाट धरणे व्यवहार्य. सरळ केस जागोजागी तुटत असतील, फाटे फुटले असतील, तर ते वाचविण्याच्या खटाटोपात अर्थ नाही. पहिली वाटच बरी.

सांध्याची काळजी

नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस जेथे मिळतात तो सांधा या प्रवासातील सर्वांत नाजूक जागा होय. एकाच केसाचे दोन भाग ओलावा निराळ्या प्रकारे शोषतात, वेगळे वाळतात आणि वेगळे ताणले जातात. बहुतेक केस तुटतात ते नेमके येथे. दिवसाला ५० ते १०० केस मुळासकट गळणे स्वाभाविक आहे. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरट गाठ असते. तुटलेल्या केसाला ती नसते. कंगव्यात बिनगाठीचे आखूड तुकडे अधिक दिसू लागले, तर सांधा तुटतो आहे असे समजावे.

यासाठी काही साधे नियम पाळावेत. कोरडे केस विंचरू नयेत. धुताना कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर जात गुंता सोडवावा. घट्ट वेणी, ओढून बांधलेली पोनीटेल किंवा रबरबँड टाळावेत. सततच्या ताणाने कपाळाकडची केसांची रेषा मागे सरकते. रात्री केस सैल बांधून डोक्याला मऊ, गुळगुळीत कापड गुंडाळावे.

गुंता दिवसेंदिवस तसाच राहिला की केस एकमेकांत अडकून त्यांची गच्च गाठ होते. महाराष्ट्रात तिला जट म्हणतात आणि तिच्याभोवती देवीचा कोप, देवीचे बोलावणे अशा समजुती गुंफल्या गेल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समुपदेशन करून अनेक स्त्रियांना यातून सोडवीत आले आहेत. कुरळे केस न विंचरल्यास गुंततात, यात दैवी काही नाही. अशी गाठ दिसू लागली तर भरपूर कंडिशनर लावून ती सोडवावी, न सुटल्यास कापावी.

धुणे, तेल आणि कापड

कुरळ्या केसांना रोजचा शाम्पू सोसत नाही. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा सौम्य शाम्पू केवळ टाळूला लावावा. वाहून येणारा फेस केसांना पुरेसा असतो. कंडिशनर मात्र दर वेळी आणि केसांच्या लांबीवर लावावा. शिकेकाई वापरणाऱ्यांनी पूड थेट लावू नये, कारण तिचे कण वळणांत अडकून घासले जातात. काढा करून, गाळून वापरावा. रिठा अधिक कोरडेपणा आणतो, म्हणून तो बेताने वापरावा.

आपल्याकडचे खोबरेल तेल या काळात खरोखर उपयोगी पडते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्यापूर्वी किंवा नंतर लावले असता केसांतून होणारी प्रथिनांची हानी या तिघांपैकी फक्त खोबरेलानेच लक्षणीय कमी केली. रसायनाने आधीच दुबळ्या झालेल्या केसांबाबतही हा फरक दिसला. हा अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीतला आहे हे खरे. तरी खोबरेलातील लॉरिक आम्लाचे सरळ, लहान रेणू केसाच्या आत शिरू शकतात, हे त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. धुण्यापूर्वी तासभर किंवा आदल्या रात्री केसांच्या लांबीवर थोडे तेल लावणे पुरेसे. कोंड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळूवर तेल मुरत ठेवू नये. त्याने कोंडा वाढू शकतो.

केस पुसण्याच्या बाबतीत हातमागाच्या गावाला काही नवे शिकण्याची गरज नाही. जाड टॉवेलचे धागे कुरळ्या केसांत अडकतात आणि वळणे विस्कटतात. त्याऐवजी धुऊन-धुऊन मऊ झालेले जुने सुती लुगडे किंवा पंचा घ्यावा. केस न चोळता तो खालून वर दाबत पाणी टिपून घ्यावे. कुरळ्या केसांसाठी म्हणून शहरात महागडी खास वस्त्रे विकली जातात. जुने सुती कापड तेच काम तितकेच चोख करते.

विदर्भाचे पाणी आणि ऋतू

अनेक ठिकाणी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात; केस राठ आणि निस्तेज होतात. साबणाला फेस येत नसेल आणि बादलीवर पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. शेवटच्या धुण्यासाठी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. तसे नसल्यास एक लिटर पाण्यात चमचाभर व्हिनेगर मिसळून पंधरवड्यातून एकदा केसांवरून ओतावे आणि साध्या पाण्याने धुवावे. लिंबाचा रस थेट टाळूला चोळू नये.

ऋतूंचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर परिसरात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हवा कमालीची कोरडी असते. या दिवसांत ग्लिसरीनयुक्त प्रसाधने कमी वापरावीत, कारण कोरड्या हवेत ग्लिसरीन केसांतलाच ओलावा ओढू लागते. बाहेर पडताना डोक्याला सुती दुपट्टा बांधण्याची इथली रीत केसांनाही हितकारक आहे. कूलरच्या थेट झोतात ओले केस वाळवू नयेत. पावसाळ्यात उलट होते. हवेतील बाष्पाने केस फुगतात, कुरळा भाग व सरळ टोके यांतील फरक अधिक उठून दिसतो. प्रवास सोडून देण्याचा मोह याच काळात सर्वाधिक होतो.

घरचे जेल : जवस

कुरळ्या वळणांना आकार देण्यासाठी जगभर जे घरगुती जेल लोकप्रिय झाले आहे, त्याचा मुख्य घटक विदर्भाच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो म्हणजे जवस. महाराष्ट्रात जवसाचे पीक प्रामुख्याने विदर्भात घेतले जाते. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातील संशोधन केंद्राने एनएल-९७, एनएल-२६० असे वाणही दिले आहेत. चटणीसाठी घरात आणलेल्या जवसातूनच हे जेल होते, मात्र ते न भाजलेले असावे.

पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत सात ते दहा मिनिटे उकळावे. दाण्याच्या सालीतील चिकट द्रव्य सुटून पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट झाले की लगेच, गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे; गार झाल्यावर ते गाळता येत नाही. आच बेताची आणि लक्ष पूर्ण हवे, कारण मिश्रण उतू जाते. हे जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. वास बदलला तर फेकून द्यावे. धुतलेल्या ओल्या केसांना ते लावून बटा मुठीत हलक्या दाबाव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. सरळ उरलेल्या टोकांना याच वेळी कापडाच्या चिंध्यांवर किंवा सैल वेण्यांत गुंडाळले, तर वाळल्यावर दोन्ही भाग बरेचसे सारखे दिसतात. पहिली वाट न धरणाऱ्यांसाठी ही युक्ती फार सोयीची आहे.

काय टाळावे?

एकदा निर्णय घेतल्यावर मुळांना पुन्हा रसायन लावू नये; पूर्वीचे रिलॅक्सर असेल तर त्यावर थायोग्लायकोलेट, आणि थायोग्लायकोलेट असेल तर त्यावर रिलॅक्सर मुळीच लावू नये. या दोन रसायनांचे जमत नाही आणि केस अक्षरशः तुटून हातात येतात. दोन्ही भाग सारखे दिसावेत म्हणून रासायनिक कर्लिंग करून घेणे म्हणजे दुबळ्या केसांवर तिसरा घाव. रोज इस्त्री फिरवली तर नवे केसही वळण हरवून बसतात. केस रंगवणे किंवा ब्लीच करणे या काळात पुढे ढकललेले बरे. महागड्या उत्पादनांची रांग लावण्याचीही आवश्यकता नाही; सौम्य शाम्पू, एक कंडिशनर, खोबरेल आणि जेल यांत काम भागते.

टाळूवर फोड, जखमा, गोलाकार टक्कल किंवा भांग रुंद होत जाणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी प्रथिने ही केसगळतीची नेहमीची कारणे असून त्यांचा कुरळे-सरळपणाशी संबंध नसतो.

घरातला प्रश्न

केसांच्या या प्रवासातील अवघड भाग बरेचदा आरशापुढे नसून बैठकीच्या खोलीत असतो. शाळेत तेल लावून चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या आणि लाल फिती म्हणजे टापटीप, मोकळे कुरळे केस म्हणजे अजागळपणा, ही शिकवण बहुतेक मुलींच्या मनात खोल रुजलेली असते. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमापूर्वी केस सरळ करून घेण्याचा आग्रह आईच धरते आणि तो मायेपोटीच धरलेला असतो. त्यामुळे मुलीने केस आखूड कापले की घरात वाद होतो.

या वादाची मुळे जुनी आहेत. महाराष्ट्रात स्त्रीचे केस कापणे हे एके काळी वैधव्याचे चिन्ह होते. केशवपनाच्या क्रूर रूढीविरुद्ध १९व्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधक चळवळीने आवाज उठवला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस काढण्यास नकार देण्याचे ठरविले. ती रूढी गेली, पण स्त्रीच्या आखूड केसांविषयीची अस्वस्थता आजीच्या मनात कोठेतरी शिल्लक राहिली. नातीने ती समजून घेतली आणि हे केस रसायनाने दुबळे झाल्याने कापले, ते पुन्हा वाढणार आहेत, असे शांतपणे सांगितले तर बरेच वाद टळतात.

कुरळ्या केसांना आपल्या परंपरेत कधी कमीपणा नव्हता. अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रियांच्या कपाळावर, खांद्यावर कुरळ्या बटा आहेत. बुद्धमूर्तीचे मस्तक तर लहान-लहान उजवीकडे वळलेल्या कुरळ्यांनीच ओळखले जाते. अलीकडे मिथिला पालकरसारख्या मराठी अभिनेत्रीने आपले कुरळे केस पडद्यावर तसेच ठेवले आणि असंख्य मुलींना ते आपलेसे वाटले. अमेरिकेत नैसर्गिक केसांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केला. आपल्याकडे असा कायदा नाही आणि प्रश्नाचे स्वरूपही तेथल्याइतके तीव्र नाही. परंतु मुलाखतीला जाताना 'केस नीट करून ये' असे सांगणाऱ्याच्या मनात 'नीट' म्हणजे 'सरळ' हाच अर्थ असतो, हे नाकारता येणार नाही.

रसायनाने केस सरळ करणाऱ्या प्रत्येकीने परत फिरलेच पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ज्याच्या डोक्यावरचे केस, त्याचाच निर्णय. मात्र तो घेताना दोन्ही वाटांची माहिती हवी. परत फिरण्याचे ठरल्यास शेवटच्या रासायनिक प्रक्रियेची तारीख वहीत लिहून ठेवावी, दर महिन्याला एक बट मोजावी, दर तिसऱ्या महिन्याला थोडी टोके कापावीत आणि पहिला पावसाळा धीराने काढावा. साधारण वर्षभराने कानामागची पहिली बट पूर्णपणे आपल्या वळणावर आलेली दिसते. पुढचे काम मग केवळ वाट पाहण्याचे उरते.